कालव्याच्या नावाचा बँड

मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला पोचले तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते आणि त्यातले पाच मी अमरावतीला व्हिसाची वाट बघण्यात काढले होते. नवऱ्याशी माझी ओळख म्हणायची तर एका महिन्याची आणि अकरा पत्रांची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तो चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. सकाळी साडेसातला जायचा, संध्याकाळी सात-साडेसातला यायचा, आणि शनिवारी 'जरा डोकावून येतो' म्हणून गेला की दुपार उलटायची. माणूस वाईट नव्हता. थकलेला असायचा.

माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. नोकरी करायची परवानगी नव्हती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी सकाळी नऊपर्यंत घर आवरून बसायची आणि मग दिवस समोर पडलेला असायचा. एकदा सरळ पायी फिरायला निघाले. मोठ्या रस्त्याच्या कडेने अर्धा तास चालले, पायी चालणारी मी एकटीच. शेवटी एक बाई गाडी थांबवून म्हणाली, "तुमची गाडी कुठे बंद पडली आहे का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. मग मी फिरणं सोडलं.

आमची अपार्टमेंटची इमारत दुमजली होती, मधे निळा स्विमिंग पूल, त्यात कोणीही पोहत नसे. संध्याकाळी नवरा आला की मी तोंड उघडायची आणि आवाज घोगरा यायचा, कारण दिवसभरातला तो पहिला शब्द असायचा. "सर्दी झाली का?" तो विचारायचा.

एका दुपारी आमच्या पत्रपेटीत एक जाडजूड पाकीट आलं. जर्सी सिटीहून. आमचा नंबर होता २१४ आणि पाकीट ११४ चं, म्हणजे बरोबर आमच्या खालच्या घराचं. ते तिथे पेटीजवळ ठेवून देता आलं असतं. पण कोणाच्या तरी दारावर टकटक करायला कारण मिळालं होतं, ते मी सोडलं नाही.

दार उघडलं ते चाळिशीच्या, उंच, किंचित पोक काढून उभ्या असलेल्या गोऱ्या माणसाने. बाहेर उकडत असताना अंगात लोकरीचं जाकीट. त्याच्यामागे खोलीभर इलेक्ट्रिक ऑर्गनची आतडी पसरलेली होती. पाय काढलेले कीबोर्ड, वायरींचे गुंते, पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांची चळत. चर्चमधले आणि म्हाताऱ्यांच्या निवासांमधले ऑर्गन दुरुस्त करणं हा त्याचा व्यवसाय होता. पाकिटावरचं अक्षर बघून तो म्हणाला, "अरे देवा. हा पुन्हा!"

उच्चार अमेरिकन नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेकडचा होता, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हा माणूसही इथला नाही. त्याने विचारलं, "चहा घेणार का? दूध घातलेला आहे." दूध घातलेला चहा मला त्या देशात पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. मी आत गेले.

त्याच्या फ्रिजवर तसलीच आणखी तीन पाकिटं लोहचुंबकाखाली अडकवलेली होती. पाठवणारा जर्सी सिटीत राहणारा एक अमेरिकन. रोज ट्रेनने मॅनहॅटनला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात जायचा आणि उरलेल्या वेळात एक मासिक काढायचा. मासिक म्हणजे झेरॉक्स केलेले पंधरा-वीस कागद, त्याला दोन स्टेपल. विषय फक्त सत्तरच्या दशकातले इंग्लंडचे रॉक बँड, तेही लांबच लांब, अवघड, मधेच चाल बदलणारं संगीत वाजवणारे. त्यातही जे मोठे झाले ते नव्हेत. एखादी रेकॉर्ड काढून बुडाले ते.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"आम्ही एक रेकॉर्ड काढून बुडालो," तो म्हणाला.

त्या माणसाला त्याच्या बँडचा पूर्ण इतिहास छापायचा होता. सत्तेचाळीस प्रश्न पाठवले होते, नंबर घालून. वर्षभर हा उत्तर देत नव्हता, तरी तो दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न नव्याने टाइप करून पाठवत होता.

"मग देत का नाही?"

तो म्हणाला, "मला स्पेलिंग येत नाही. बोलतो नीट. लिहायला बसलो की अक्षरं जागा बदलतात. शाळेत मास्तर माझी वही सगळ्यांना वाचून दाखवायचे, हसायला. त्यानंतर मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही."

एक इंग्रज माणूस मला हे सांगतो आहे, याचा मला आधी धक्काच बसला. मग मी म्हटलं, "मला टायपिंग येतं. कॉलेजच्या सुट्टीत क्लास लावला होता. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास आहे. तुम्ही बोला, मी टाइप करते."

नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे पैसे घेता येणार नाहीत, हेही सांगून टाकलं. तो म्हणाला, "गाडी येते?" मी नाही म्हटलं. "मग मी गाडी शिकवतो. ते बेकायदेशीर नाही."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "एकटा राहतो? काय करतो म्हणालीस?" मग थोडा विचार करून, "बरं. पण दार उघडं ठेवत जा." मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू भेटायच्या, सगळ्यांत जुन्या, पंधरा वर्षं अमेरिकेत काढलेल्या. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाणंबजावणंवाला, त्यात एकटा! सांभाळून गं बाई. पण ड्रायव्हिंग शिकून घे हो, ते सोडू नकोस."

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी खाली जायची. दार सताड उघडं. तो कीबोर्ड उघडून स्क्रू काढत बसायचा आणि बोलायचा, आणि मी कुठल्याशा चर्चने टाकून दिलेल्या इलेक्ट्रिक टाइपरायटरवर टाइप करायची. डोळ्यात डोळे घालून त्याला हे सांगता आलं नसतं, असं मला वाटतं. हातात काम असलं की तो बोलायचा.

असा त्या बँडचा इतिहास मला कळला. इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्यांचं एक लहान गाव. गिरण्या बंद पडत आलेल्या. गावाबाहेर एक जुना कालवा होता, ज्यातून एके काळी मालाच्या होड्या चालायच्या आणि आता फक्त शेवाळ होतं. बँडचं नाव त्या कालव्यावरून ठेवलेलं. चौघं जण. याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यांच्याकडून हा शिकला. ड्रम वाजवणारा खाटकाच्या दुकानात कामाला होता. बास गिटार वाजवणारा पोस्टमन. आणि गिटार वाजवणारा, गाणी लिहिणारा, शिक्षक व्हायच्या कॉलेजातून पळून आलेला, तो त्यांचा पुढारी. याचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेत वही वाचून दाखवली जायची तेव्हा जो एकटा हसायचा नाही, तो.

"आमचा ऑर्गन कपाटाएवढा होता," तो सांगायचा. "कुठेही कार्यक्रम असो, जिना असायचाच. चौघांनी उचलायचा. पोस्टमन म्हणायचा, आपण संगीतकार नाही रे, हमाल आहोत. मधे मधे वाजवतो."

दोन वर्षं ते एका जुन्या व्हॅनमधून हिंडले. कॉलेजं, पब, एकदा एका कुत्र्यांच्या प्रदर्शनानंतर त्याच हॉलमध्ये. मग लंडनच्या एका छोट्या कंपनीने त्यांना पाच दिवस स्टुडिओ दिला. रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे एकच वीस-बावीस मिनिटांचं गाणं: तो कालवा डोंगरात सुरू होतो तिथपासून समुद्राला मिळतो तिथपर्यंत. रेकॉर्ड निघाली आणि चार महिन्यांत ती कंपनीच बंद पडली. विकल्या न गेलेल्या रेकॉर्ड कुठल्या तरी गोदामात गेल्या, त्यांचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही.

जर्सी सिटीवाल्याचे प्रश्न असे असत: कव्हरवर पुलावर पाठमोरी उभी असलेली स्त्री कोण, आणि तिचा दुसऱ्या बाजूच्या कथेशी काय संबंध? उत्तर: ती गिटारवाल्याची मावशी. फोटोच्या वेळी घरी जायला निघाली होती. किंवा: दुसरी बाजू संपताना जो चढत जाणारा आवाज येतो तो कुठल्या यंत्राने काढला? "किटली," तो म्हणाला. "स्टुडिओतली चहाची किटली. माइक चालू राहिला होता." मी टाइप केलं, आणि हसण्याच्या भरात चुकलं म्हणून पुन्हा टाइप केलं. तोही हसायला लागला. कोणी न पोहणाऱ्या पूलच्या त्या इमारतीत आम्ही दोघं एका किटलीवरून पोट धरून हसत होतो, आणि मला आठवलं की अमरावती सोडल्यापासून मी अशी हसले नव्हते.

ती रेकॉर्ड मला ऐकवायला त्याने बरेच दिवस लावले. एका गुरुवारी म्हणाला, "ऐकायचीच असेल तर आज ऐक. मी बाहेर उभा राहतो." आणि खरोखरच पूलपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. घरी रेडिओ होता, तेवढंच. ती रेकॉर्ड मला खूप लांब वाटली. चाल पकडावी तर बदलायची. गायकाचा आवाज बारीक. पण दुसऱ्या बाजूला, मध्याच्या थोडं पुढे, सगळी वाद्यं अचानक थांबत होती आणि ऑर्गन एकटाच वाजत होता, एकाच हाताने वाजवल्यासारखा. दोन-तीन मिनिटं. कोणीतरी मोकळ्या घरात दिवे न लावता या खोलीतून त्या खोलीत जावं, तसं काहीतरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते तो आत यायच्या आधी पुसलं.

"तो एकट्याचा भाग मला आवडला," मी सांगितलं.

"ती चूक आहे," तो म्हणाला. "गिटारची तार तुटली. तो नवी लावेपर्यंत मी काहीतरी वाजवत राहिलो, बाकीचे थांबले. नंतर ऐकलं तर सगळे म्हणाले, राहू दे."

गाडीचे धडे एका चर्चच्या पार्किंगमध्ये चालायचे. आठवड्याच्या दिवशी ते रिकामं असायचं. त्याची जुनी स्टेशन वॅगन, मागे ऑर्गनचे पेडल खडखडायचे. तो ओरडायचा नाही. नवऱ्याने एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा दहा मिनिटांत आम्ही दोघं अबोला धरून घरी आलो होतो. हा फक्त म्हणायचा, "ब्रेक. ब्रेक हा दुसरा. हां."

प्रश्न नंबर एकतीस होता: बँड का मोडला?

पहिल्यांदा त्या प्रश्नापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, "लिही, कंपनी बंद पडली म्हणून." पुढच्या मंगळवारी म्हणाला, "ते खोड. लिही, आवडीनिवडी बदलल्या." त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला, "एकतीस सोड, बत्तीस घे." सेहेचाळीस उत्तरं टाइप झाली आणि एकतीसपुढे जागा कोरीच राहिली. आम्ही तशीच पाठवली.

तीन आठवड्यांत जर्सी सिटीहून उत्तर आलं. आनंदाने वेडा झालेला माणूस त्या पत्रात दिसत होता. त्याने आणखी एक गोष्ट केली होती. गिटारवाल्याला शोधून काढलं होतं. तो अजून त्याच गावात होता, शाळेत शिकवत होता. बास वाजवणारा पोस्टमन मात्र काही वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला होता, हेही त्याच पत्रात होतं. आणि गिटारवाल्याने एकतिसाव्या प्रश्नाचं जे उत्तर दिलं होतं, ते त्याने जसंच्या तसं पाठवलं होतं, 'तुमचं म्हणणं काय' असं विचारून.

मी मोठ्याने वाचत होते. थांबले.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. आमचा ऑर्गनवाला एका सकाळी न सांगता पळून गेला. स्कॉटलंडमध्ये सहा कार्यक्रम ठरले होते. तो कायमचा गेला. का ते त्याने आम्हाला कधीही सांगितलं नाही, आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

पोस्टमनची बातमी आधी त्याच्यापर्यंत पोचली की हे उत्तर, मला सांगता येणार नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. मी कागद सारखे करून वर निघून आले.

पुढच्या धड्याला, पार्किंगमध्ये मी गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या मधे नीट उभी केली तेव्हा, समोर बघत तो बोलायला लागला.

स्कॉटलंडला जाताना सकाळी ते मोठ्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर चहाला थांबले. पाऊस भुरभुरत होता. हा मागच्या बाजूला संडासात गेला. बाहेर आला तर व्हॅन नव्हती. व्हॅनमध्ये तो नेहमी मागे, कोटांच्या ढिगाखाली झोपून जायचा. त्या तिघांना वाटलं, झोपलाय. निघून गेले.

"मला वाटलं, गंमत करताहेत. मग वाटलं, पुढच्या वळणावरून येतील. खिशात थोडी चिल्लर होती. मी तिथल्या कठड्यावर बसलो. एक तास झाला. मी मनात म्हणत होतो, आता कोणीतरी काहीतरी बोलेल, आता मी उत्तर दिलं नाही म्हणून मागे वळून बघेल. दुसरा तास झाला. दोन तासांत तिघांपैकी एकालाही माझ्याशी एक शब्द बोलावंसा वाटलं नाही."

"मग?"

"मग समोरच्या बाजूने घराकडे जाणारी बस आली. मी चढलो."

"आणि ते परत आले होते?"

"मला काय माहीत? मी नव्हतो ना तिथे." "आईच्या घरी कोणी मला विचारत आलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, त्यांना मी नकोच आहे. महिन्याभरात मी लंडनला गेलो, मग बोटीवर वाजवायची नोकरी, मग इथे."

मी म्हटलं, "हे टाइप करू?"

"नको."

मी गाडी सुरू केली. मला त्याचा थोडा रागही आला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी दहा-अकरा वर्षं गप्प बसतं का, असं वाटत होतं.

त्याच महिन्यातली गोष्ट. नवऱ्याने सकाळी मला लायब्ररीत सोडलं होतं आणि पाच वाजता घ्यायला येतो म्हणाला होता. लायब्ररी सहाला बंद झाली. मी बाहेरच्या बाकावर बसले. आतली बाई निघताना म्हणाली, "कोणी येतंय ना न्यायला?" मी हो म्हटलं. सार्वजनिक फोन होता. कंपनीत कोणी उचलला नाही. साडेसहा. पावणेसात. पार्किंग रिकामं झालं. आणि त्या बाकावर बसून माझ्या मनात हळूहळू जे यायला लागलं ते मला अजून लख्ख आठवतं. अपघाताची भीती नव्हती. भीती ही होती की त्याला काहीही झालेलं नाही, तो नेहमीसारखा काम करत बसला आहे, आणि इतक्या तासांत त्याला माझी आठवणच झालेली नाही. जायला बस नव्हती म्हणून मी बसून राहिले. असती तर चढले असते. कुठे जाणारी, हे बघितलंही नसतं.

साडेसातला त्याची गाडी आली. एका मशीनची तपासणी चालली होती, तो विसरला होता. घरी पोचल्यावर दार उघडून 'अगं' म्हणाला तेव्हा त्याला आठवलं.

"सॉरी. खरंच सॉरी."

तोवर मी त्याला 'अहो' म्हणत असे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर पहिल्यांदा 'अरे' म्हणाले. "अरे, तू आज विसरलास त्याचं मला काही नाही. मी दिवसभर कोणाशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे का? संध्याकाळी माझा आवाज फुटत नाही, त्याला तू सर्दी म्हणतोस."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. म्हणाला, "मला वाटायचं तू शांत स्वभावाची आहेस. पत्रांतही तू कमीच लिहायचीस."

"पत्रं बाबा वाचायचे आधी."

तो हसला, मग मीही. त्यामुळे काही आमूलाग्र बदललं असं नाही. शनिवार जातच राहिले. पण दुपारी एक वाजता तो कंपनीतून फोन करायला लागला, दोन-तीन मिनिटं, काहीही बोलायला. ते त्याने पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार-गुरुवार नसतानाही मी खाली गेले आणि म्हटलं, "तुम्ही त्यांना विचारलं पाहिजे."

"काय विचारू?"

"परत आलात का, एवढंच विचारा."

त्याला तयार व्हायला दोन आठवडे लागले. जर्सी सिटीवाल्याने गिटारवाल्याचा नंबर कळवलाच होता. सकाळी दहा वाजता फोन केला, म्हणजे तिकडे संध्याकाळ. "तू बसशील इथे?" त्याने मला विचारलं. मी टाइपरायटरसमोर बसले, कागद न लावता.

मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. आधी हवेबद्दल. मग पाठदुखीबद्दल, ऑर्गन उचलून सगळ्यांचीच पाठ गेली होती असं दिसलं. पोस्टमनबद्दल तो फक्त ऐकत होता, कपाळ भिंतीला टेकवून. किटलीचा विषय निघाला. मग एकदम त्याने विचारलं, "तुम्ही मागे फिरला होतात का?"

तिकडून बरंच लांब उत्तर आलं. हा मधे मधे म्हणत होता, "कुठपर्यंत?" "नाही, मी दोन तास थांबलो." "दोन. घड्याळ होतं माझ्याकडे." "नाही रे, बस." आणि मग, अगदी हळू, "मला कसं कळणार?"

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. ते फिरले होते. पुढच्या गावात पोचून ऑर्गन उतरवायला कोट बाजूला केले तेव्हा त्यांना कळलं, आणि तिथूनच परत आले. पंपावरच्या माणसाने सांगितलं, तुमचा दोस्त तर बसमध्ये बसून गेला. ते पंपावर पोचले तोवर त्याची बस सुटून तासही झाला नव्हता. गिटारवाला त्यावर इतका चिडला की त्याने बाकीच्या दोघांना याच्या घरी जाऊ दिलं नाही. स्कॉटलंडचे कार्यक्रम झाले नाहीत. ऑर्गन चर्चच्या खोलीत पडून राहिला आणि दोन महिन्यांत ड्रमवाला खाटकाच्या दुकानात कायमचा परत गेला. बँड मोडल्याचं कोणी जाहीर केलं नाही, कारण विचारायला कोणी आलंच नाही.

"तो म्हणाला, तू पळालास असंच मी सगळ्यांना सांगत आलो. मी म्हटलं, मीही स्वतःला तेच सांगत आलो, तुम्ही पळालात म्हणून." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "आता एकतीस लिही."

मी लिहिलं. तो बोलला तसं, पंपापासून. त्याने एकदा वाचून घेतलं आणि एकच शब्द बदलायला लावला. 'सोडून गेले' होतं, तिथे 'निघून गेले' करायला सांगितलं.

मासिकाचा तो अंक आला तेव्हा आम्ही तिघांनी, नवऱ्यानेसुद्धा, तो त्याच्या खोलीत उभ्याने वाचला. छपाई पुसट होती. मला वाटलं होतं, आता ते भेटतील, पुन्हा वाजवतील. तसं काही झालं नाही. गिटारवाल्याचा नाताळात एक फोन आला, आणि पुढच्या नाताळात याने केला. त्या दोघांना तेवढं पुरेसं होतं बहुतेक. का ते मी विचारलं नाही.

मला ड्रायव्हिंगचं लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. त्याच उन्हाळ्यात त्याला ऑरेगॉनमध्ये जुन्या चर्चचे खरे, भात्यावर चालणारे ऑर्गन बांधणाऱ्या एका माणसाकडे काम मिळालं. स्टेशन वॅगन भरायला आम्ही दोघांनी मदत केली. निघताना तो माझ्या नवऱ्याशी हात मिळवून म्हणाला, "हिला पार्किंग फार छान जमतं." खालच्या घरात महिन्याभराने एक तरुण जोडपं आलं. दोघंही दिवसभर कामावर. दुपारी खालून कसलाही आवाज यायचा नाही आणि मी कितीदा तरी जिन्यात उभी राहून ऐकायची.

त्याचा नवा पत्ता कळवायला मी जर्सी सिटीला पत्र लिहिलं. उलट टपाली मलाच उत्तर आलं. 'ही उत्तरं टाइप करणारं कोणीतरी आहे, हे मला पहिल्या पानापासून कळलं होतं,' त्याने लिहिलं होतं, 'तुम्ही कोण?' मी चार पानं लिहिली. अमरावती, वनस्पतिशास्त्र, पूल, लायब्ररी. त्याने आठ लिहिली. तोही एकटा राहत होता, विसाव्या मजल्यावर, समोर नदी आणि पलीकडे मॅनहॅटन. त्याच्या मासिकाला पन्नाससाठ वाचक होते आणि त्यातल्या एकालाही तो कधी भेटला नव्हता. आम्ही दोन वर्षं एकमेकांना लिहीत होतो. कधी बोललो नाही, फोटो पाठवले नाहीत. मग आमचं ग्रीन कार्ड झालं, मला सांता क्लाराला एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं लिहायचं काम मिळालं, मुलगी झाली. पत्रं विरळ होत गेली. शेवटचं पत्र त्याचं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, की माझं होतं आणि त्याने, हे आता मला काही केल्या आठवत नाही.